गणवीर गुरुजींचे बेचाळीस ठोके

केशोराव केंद्रप्रमुखांनी भर सभेत जे म्हटलं ते हिरालाल गणवीर गुरुजींनी मुकाट्यानं ऐकून घेतलं, इथंच सगळं बिनसलं. तिथल्या तिथं दोन शब्द सुनावले असते तर पुढं पाण्याची टाकी, पोलीस आणि बकऱ्या यांतलं काहीच घडलं नसतं.

केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवरचा साहेब. शाळा तपासणं हे त्याचं काम. केशोराव चहा तपासून जात. २००९ च्या डिसेंबरात तालुक्याच्या कर्मचाऱ्यांच्या क्रीडास्पर्धा निघाल्या आणि त्यात पहिल्यांदाच सायकल शर्यत ठेवली गेली: सालेकसा ते आमगाव आणि परत, आयोजकांच्या मते चाळीस किलोमीटर. केशोरावांनी तीन महिन्यांपूर्वीच गिअरची सायकल घेतली होती. कलिंगडाच्या फाकेसारखी टोपी आणि पोटावर ताणून बसणारा पिवळा बनियनही घेतला होता. "शर्यतीत कोण कोण?" असं विचारल्यावर मागच्या बाकावरून गणवीर गुरुजींनी हात वर केला.

"तुम्ही?" केशोराव हसले. "गुरुजी, तुमची सायकल म्हणजे मजबुरी आहे जी. मजबुरी वेगळी, स्पोर्ट्स वेगळा."

पन्नास मास्तर हसले. पन्नासही मोटारसायकलवाले. त्यातल्या निम्म्यांना शाळेच्या पायऱ्या चढल्यावर हजेरी घेण्याआधी पाणी लागतं.

गुरुजी गणिताचे. घरी जाऊन त्यांनी पाटीवर हिशेब मांडला. घर ते शाळा सतरा किलोमीटर जंगलातून, परतीचे सतरा. वर्षाचे दोनशे वीस दिवस, अशी बावीस वर्षं. एक लाख चौसष्ट हजार पाचशे साठ किलोमीटर. म्हणजे पृथ्वीला चार फेऱ्या आणि उरलेल्यात दिल्लीला दोनदा जाऊन येणं. आणि ही मजबुरी? त्यांच्या आज्यानं वस्तीतली पहिली सायकल घेतली तेव्हा पाटलाच्या दारावरून ती हातात धरून न्यावी लागे; बसून गेला की परतताना चाकातली हवा सोडलेली. त्या आज्याच्या नातवाला सायकलीवरून हसायचं. केशोरावांना हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही. अशा गोष्टी गावात सगळ्यांना माहीत असतात, फक्त कोणाच्या तोंडून निघत नाहीत.

तर गुरुजींना आता शर्यत पाहिजेच होती. बक्षिसाच्या कपाचं त्यांना काही नव्हतं. एवढी वर्षं आपण पायांनी जे केलं त्याला मजबुरी म्हणायचं की सराव, याचा निकाल त्यांना चारचौघांत लावून घ्यायचा होता.

कार्यालयातल्या मुन्नालाल बाबूनं तीन पानी फॉर्म पुढं सरकवला. तो गोंदियाचा, हिंदीत बोले. "डॉक्टर का सर्टिफिकेट लगेगा गुरुजी. तीसरा पन्ना."

तिसऱ्या पानावर छापलं होतं: नाडी, दर मिनिटाला किती. पुढं कंसात: साठ ते शंभर.

गुरुजींच्या गावाला एक सरकारी दवाखाना आहे. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथला सरपंच भांडायला येईल. डॉक्टरांनी मनगट धरलं, घड्याळ पाहिलं. घड्याळ कानाला लावलं. मग दुसरं मनगट धरलं.

"चक्कर येते?"

"नाही."

"डोळ्यांपुढं अंधारी?"

"नाही जी."

"रोज चालणं किती?"

"चालत नाही, सायकल चालवतो. चौतीस."

"मिनिटं?"

"किलोमीटर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजपासून बंद. नाडी बेचाळीस आहे. हृदय थकलंय तुमचं. ईसीजी काढला असता, पण मशीनला कागदाचा रोल नाही. मार्चनंतर या."

डिसेंबरात थकलेल्या हृदयानं मार्चपर्यंत थांबायचं होतं.

गुरुजी घरी पोचण्याआधी बातमी पोचली. पार्वताबाईंनी म्हशीची साखळी आणली, सायकल खुंट्याला बांधली आणि कुलूप घातलं. म्हैस मोकळी सुटली आणि भैयाजींची तूर खाऊन आली. त्यामुळं सांत्वनाला पहिले भैयाजीच आले. भैयाजी म्हणजे निवृत्त वनरक्षक. उभी नोकरी वाघ मोजण्यात गेल्यामुळं त्यांना कशाचाही आकडा सांगायला वेळ लागत नसे.

"माझ्या साडूचंबी असंच होतं," ते खाटेवर बसत म्हणाले. "चव्वेचाळीस नाडी. जेवून उठला न हात धुता धुता गेला. कायले जीव धोक्यात घालता गुरुजी? अन् तुरीचं मग पाहू."

शेजारच्या मंदाबाई अंगणवाडीत होत्या. त्यांनी गरोदर बायांसाठी आलेल्या लोहाच्या गोळ्यांचं पाकीट आणून दिलं. "आमच्याइथं पडूनच राहतात जी. कोणी खात नाही. तुमी तरी खा." पानठेल्यावाल्या मनिरामानं काळ्या कोंबडीचा रस्सा सुचवला आणि कोंबडी कोणाकडं मिळेल तेही सांगितलं, त्याच्याचकडं.

दोन दिवस गुरुजी हिमांशू मास्तराच्या मोटारसायकलवर मागं बसून शाळेत गेले. हिमांशू नवा, संघटनेत जोरात. वाटेतल्या गावांतली माणसं, जी बावीस वर्षं गुरुजींच्या घंटीवर घड्याळ लावत, ती हात जोडून उभी राहत. प्रेतयात्रेला राहतात तशी. तिसऱ्या दिवशी गुरुजींना खरंच छातीत काहीतरी दुखल्यासारखं वाटलं. ती अब्रू होती.

त्या संध्याकाळी रीनाचा फोन आला. रीना त्यांची लेक, नागपूरला शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात.

"बाबा, किती म्हणाले नाडी?"

"बेचाळीस," गुरुजी खालच्या आवाजात म्हणाले.

पलीकडून हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं. पोरगी रडते असं वाटून त्यांनी फोन पार्वताबाईंकडं दिला. पार्वताबाईंनी ऐकलं आणि कपाळाला आठी घातली. "हासून राहिली तुमची पोरगी."

"बाबा," हसू आवरून रीना म्हणाली, "आमचे सर राज्याकडून सायकल खेळले आहेत. त्यांची बसल्या जागची नाडी पन्नास आहे, ती ते वर्गात सांगत फिरतात. बेचाळीस तर आम्ही पुस्तकातच पाहिली. वर्षानुवर्षं सायकल मारून हृदय मोठं होते, दमदार होते. एका ठोक्यात दुसऱ्याच्या दीडपट रक्त फेकते. मग त्याला घाई कायची?"

"म्हणजे थकलं नाही?"

"थकायचं काय? निवांत बसलं आहे. उद्या एक करा. घाट जोरात चढा, थांबल्याबरोबर नाडी मोजा, मग एका मिनिटानं मोजा. जेवढी झपाट्यानं उतरते तेवढा माणूस तयार."

पहाटे कुलूप उघडायला लावून गुरुजी नाल्यापलीकडचा चढ चढले. पार्वताबाई भिंतीवरचं घड्याळ काखेत घेऊन वर उभ्या होत्या. वर पोचल्यावर एकशे बासष्ट. मिनिटानं एकशे सोळा. पार्वताबाईंनी मग स्वतःची मोजली. त्या नुसत्या उभ्या होत्या तरी एकशे चार.

"माहीच जास्त," त्या थोड्या अभिमानानं म्हणाल्या. गुरुजींनी समजावून सांगितल्यावर त्यांनी सायकल पुन्हा साखळीला बांधली.

चार दिवसांनी रीनानं पुस्तकाची झेरॉक्स पानं बसच्या कंडक्टरबरोबर पाठवली. इंग्रजीतली. गुरुजींनी शब्दकोश घेऊन ती वाचली, पेन्सिलनं खुणा केल्या आणि त्या दिवसापासून ते गावाला नकोसे झाले. दर मिनिटाला छाती किती हवा ओढते, त्यातला किती प्राणवायू शरीर खरोखर वापरते, मांडीत आग पेटवणारं आम्ल कोणाच्या रक्तात लवकर साचतं आणि कोणाच्या उशिरा, हे सगळं ते पानठेल्यावर उभ्यानं सांगू लागले. शाळेत पोरांना गुणाकार शिकवताना पंधरा सेकंदांची नाडी गुणिले चार आली. पोरं घरी जाऊन आजीचं मनगट धरू लागली. गावात माणूस आजवर जमिनीवरून नाहीतर जातीवरून मोजला जाई. आठवडाभर तो नाडीवरून मोजला गेला, आणि त्या मापात गणवीर गुरुजी सगळ्यांच्या वर निघाले. हे काहींना फार जड गेलं. भैयाजींची ब्याण्णव भरली. त्यांनी घड्याळ खराब असल्याचं जाहीर केलं.

पानं घेऊन गुरुजी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी ती उलटसुलट पाहिली.

"हे प्रशिक्षित सायकलपटूंबद्दल लिहिलंय. तुम्हाला प्रशिक्षण कोणी दिलं?"

"आमच्या रस्त्यानं."

डॉक्टर हसले नाहीत. "पुस्तकात काहीही असतं गुरुजी. फॉर्ममध्ये साठ ते शंभर छापलंय. छापलेल्याच्या खाली मी सही केली आणि तुम्ही वाटेत पडलात, तर चौकशी कोणाची? साठ भरवून आणा, सही करतो. एक ठोका कमी चालणार नाही."

झालं. तालुक्यातल्या सगळ्यात दमदार हृदयाला आता बिघडवून न्यायचं होतं. शर्यतीला पाच दिवस राहिले होते.

मनिराम म्हणाला, मोहाची एक वाटी घ्या, नाडी नाचते की नाही पाहा. गुरुजींनी पंचशील घेतलेलं. त्यांनी मनिरामाकडं अशा नजरेनं पाहिलं की त्यानं वाटी स्वतःच संपवली. भैयाजींच्या सांगण्यावरून सात कप काळा चहा झाला. दवाखान्यात नंबर यायला दीड तास लागतो आणि तिथल्या मुतारीला कुलूप आहे, हे भैयाजींनी लक्षात घेतलं नव्हतं. मंदाबाईंनी हिरव्या मिरचीचा ठेचा दिला. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाकातून आलं, नाडी अठ्ठेचाळीसवर जाऊन बसली आणि नंबर लागेपर्यंत उतरली.

"मी भांडून पाहू का?" पार्वताबाईंनी विचारलं.

त्यांनी १९९६ सालचं, त्यांच्या भावाच्या लग्नातल्या आहेराचं भांडण काढलं. मन लावून भांडल्या. शेजारी दारात आले. अर्ध्या तासानं मोजलं तर पार्वताबाई एकशे अठरा, गुरुजी शेहेचाळीस.

"तुमाले माह्या बोलण्याचं काहीच वाटत नाही," त्या म्हणाल्या आणि हे मात्र खरोखरचं भांडण झालं.

मग गुरुजींनीच बुद्धी चालवली. दवाखान्याच्या अंगणाला लागून पाण्याची उंच टाकी आहे, तिला लोखंडी शिडी. मनिरामानं रांगेत जागा धरायची, नंबर जवळ आला की शिटी मारायची. तोवर गुरुजी शिडीवर वरखाली करणार आणि तापलेल्या नाडीनं थेट टेबलावर जाणार. शास्त्रीयदृष्ट्या योजना बिनचूक होती. पण आपल्या भागात पाण्याच्या टाकीवर माणूस एकाच कामासाठी चढतो, हे शास्त्रात लिहिलेलं नाही.

दुसऱ्या फेरीला वर पोचून गुरुजींनी खाली पाहिलं तर दोनशे माणसं. तिसरी फेरी करायला ते शिडीकडं वळले तेव्हा बायांनी तोंडाला पदर लावला. अर्ध्या तासात पोलीस जमादार आला, तहसीलचा एक कारकून कोरा कागद घेऊन आला.

"गुरुजी, मागणी काय आहे?" जमादारानं विचारलं.

"साठ पाहिजेत," गुरुजी वरून धापा न टाकता म्हणाले.

हिमांशू मास्तर गर्दीत होता. निवृत्तीचं वय साठ करा ही संघटनेची जुनी मागणी. कोणी तिच्यासाठी टाकीवर चढेल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. "साठ झालेच पाहिजेत" अशी घोषणा त्यानं दिली आणि रांगेतल्या पेशंटांनी ती उचलली. वॉर्ड तीनच्या बाया ओरडल्या, "वर गेलेच आहा तं आमच्या नळाचंबी बोला जी." कारकुनानं दोन्ही मागण्या लिहून घेतल्या आणि वरपर्यंत कळवण्याचं लेखी आश्वासन दिलं. मनिरामानं शिटी मारली, ती जमादाराची समजून कोणी हललं नाही.

खाली उतरवून जबाब घेईपर्यंत तास गेला. डॉक्टर स्वतः बाहेर आले, मनगट धरलं. अठ्ठेचाळीस.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर माणसाला कंटाळलेल्या माणसाची कळा आली. त्यांनी फॉर्म मागवला. "बहात्तर लिहितो. घ्या, शर्यत करा, पण पुन्हा टाकीवर चढू नका."

"लिहा जी, लिहा," जमादार म्हणाला. भैयाजी म्हणाले, "घ्या गुरुजी, फुकट तीस वाढवून देऊन राहिले."

पेन कागदावर टेकलं होतं. गुरुजींनी हात मध्ये घातला.

"बहात्तर कोणाची आहे?"

"कोणाचीही. सगळ्यांची तेवढीच असते."

"मग सगळ्यांना द्या. ही बावीस वर्षं मी चालवली आहे, पावसात, चिखलात, अस्वल आडवं आलं तरी. तुम्ही एका फटक्यात खोडून तिथं कोणाचीतरी नाडी लावता? बेचाळीस लिहा आणि खाली फिट लिहा."

डॉक्टरांनी बेचाळीस लिहिलं. खाली लिहिलं, अपात्र.

फॉर्म पाहून मुन्नालालनं कपाळावर हात मारला. "बहत्तर में क्या बिगडता था, गुरुजी?" भैयाजी, मंदाबाई, मनिराम तिघंही रस्ताभर हेच विचारत आले. घरी पार्वताबाईंनी सगळं ऐकलं. गोठ्यात गेल्या, साखळी सोडली आणि ती म्हशीला बांधली.

रविवारी सकाळी सालेकशाच्या चौकात सव्वीस कर्मचारी छातीवर नंबर लावून उभे होते. त्यांच्या दहा पावलं मागं पांढऱ्या शर्टात, पायजम्याला चिमटा लावून गणवीर गुरुजी.

"तुमचं नाव नाही," केशोराव मागं वळून म्हणाले.

"नाव नसणाऱ्याले रस्त्यावर बंदी आहे काय?" गुरुजींनी विचारलं. एरवी ते शाळेतली भाषा बोलत. त्या दिवशी घरची आली.

केशोराव टोपीचा पट्टा आवळू लागले. घाबरले ते डॉक्टर. ते दवाखान्याची ॲम्ब्युलन्स घेऊन बंदोबस्ताला आले होते. ज्याला स्वतः अपात्र लिहिलं तो हृदयरोगी डोळ्यांसमोर चाळीस किलोमीटर निघाला होता. हा मेला तर कागद बोलणार. "सगळ्यांना सोडा," ते ड्रायव्हरला म्हणाले, "त्या पांढऱ्या शर्टाच्या मागं राहा."

पहिले दहा किलोमीटर केशोराव वाऱ्यासारखे गेले. गुरुजी शाळेत जातात तसेच निघाले. धान कापून झालेलं, शेतांच्या बांध्या उघड्या, समोरून गार वारा. एकेक नंबर मागं पडू लागला. मागून ॲम्ब्युलन्स, खिडकीतून डॉक्टर.

"गुरुजी, श्वास कसा आहे?"

"घेऊन राहिलो जी."

"छातीत दुखतंय?"

"तुमचा हॉर्न दुखून राहिला."

आमगावच्या वळणावर गुरुजी चौथे होते. पंचविसाव्या किलोमीटरला दुसरे. अठ्ठाविसाव्याला पुढं फक्त पिवळा बनियन होता. केशोरावांनी गिअर बदलला, पुन्हा बदलला, पण मांड्यांत आम्ल साचलं होतं आणि त्याला गिअर नसतो. ते बांधावर बसले, मग आडवे झाले. ॲम्ब्युलन्स येताना दिसली तसा त्यांनी दोन्ही हातांनी इशारा केला. ॲम्ब्युलन्स गेली. डॉक्टर गुरुजींच्या पाठीकडं पाहत होते. केशोरावांना शेवटी बाजाराला बकऱ्या नेणाऱ्या एका मेटॅडोरनं उचललं.

गुरुजी चौकात पोचले तेव्हा आयोजक तर्रीपोहे खात होते. फीत ताणायची राहिली होती. मुन्नालालनं घड्याळ दाबलं नाही. बिननंबरी माणसासाठी कसं दाबणार? ज्याला कप मिळाला तो अकरा मिनिटांनी आला.

डॉक्टर उडी मारून उतरले, मनगट धरलं. एकशे बावन्न. त्यांनी हात सोडला नाही. मिनिटानं पाहिलं. एकशे सहा. पुन्हा घड्याळ पाहिलं, पुन्हा मोजलं. तिसऱ्या मिनिटाला ब्याऐंशी. गुरुजी सायकलला टेकून मिशीवरचा घाम पुसत होते आणि दोघांपैकी धाप डॉक्टरांनाच लागली होती.

तेवढ्यात बकऱ्यांचा मेटॅडोर आला. डॉक्टरांनी वर चढून बकऱ्यांमधून हात घालून केशोरावांची नाडी पाहिली. वीस मिनिटं आडवा पडलेला माणूस, एकशे अठ्ठावीस. ते खाली उतरले. मग खिशातून स्वतःच्या नावाचा कागद काढून ॲम्ब्युलन्सच्या बॉनेटवर ठेवला.

"शर्यत तर झाली," ते म्हणाले. "याचा आता उपयोग नाही. तरी लिहून देतो. बसल्या जागची नाडी बेचाळीस. शर्यतीनंतर एका मिनिटात उतार शेहेचाळीस. प्रकृती उत्तम." लिहिता लिहिता थांबले. "व्यवसाय? शिक्षक ना?" आणि 'शि' काढलाही.

"ते पगारपत्रकावर आहे जी," गुरुजी म्हणाले. "इथं सायकलपटू लिहा."

डॉक्टरांनी 'शि' खोडला, लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि कागद पुढं केला. गुरुजींनी तो घेतला नाही.

"एकदा वाचून दाखवा," ते म्हणाले. "थोडं मोठ्यानं. केशोरावांना बकऱ्यांच्या मागून ऐकू येत नसेल."

डॉक्टरांनी घसा साफ केला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.